ट्रिगर फिंगर: अडकणारं बोट, तळहातातली पट्टी आणि सुईनं मोकळं करण्याची पद्धत

विडीपत्ता

सोलापूरकडं कुंभारीच्या वसाहतीत, साखर पेठेत, अक्कलकोट रोडच्या कारखान्यांत एक वाक्य हमखास कानावर येतं: "बोट अडकायलंय." सकाळी उठल्यावर अनामिका नाहीतर अंगठा वाकलेलाच असतो, दुसऱ्या हातानं उघडावा लागतो आणि उघडताना कट् आवाज होऊन जोराची कळ येते. विडी वळणाऱ्या, गणवेश शिवणाऱ्या, कडक भाकरीच्या ऑर्डरी घेणाऱ्या बायकांचं हे रोजचं दुखणं. त्यावर उपाय काय, तर मधल्या पेरावर बाम, गरम शेक, नाहीतर हाड बसवणाऱ्याकडं जाऊन बोट ओढून घेणं. आता "चीर नाही, टाका नाही, सुईनं पाच-दहा मिनिटांत" असंही लोक बोलतात. हे नेमकं काय आहे, कुणाला चालतं, कुणाला नाही, हे या चर्चेत नीट मांडूया (प्रत्येक पोस्टच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे). आपापले किस्से नकोत, उपयोगी पडेल अशी माहिती हवी.

तळहात

सुरुवात जागेपासून करतो, कारण निम्मा घोटाळा तिथंच होतो. कट् आवाज मधल्या पेरात येतो, कळही तिथंच जाणवते, पण बिघाड असतो तळहातात, बोटाच्या मुळाशी. म्हणून मधल्या पेरावर महिनोन्महिने बाम चोळून काही फरक पडत नाही.

बोट वाकवणारे मोठे स्नायू कोपराच्या खाली, पुढच्या हातात असतात. त्यांच्या दोऱ्या, म्हणजे कंडरा, मनगटातून तळहातात आणि तिथून बोटात जातात. चारही बोटांत प्रत्येकी दोन, अंगठ्यात एक. मूठ आवळताना या दोऱ्या हाड सोडून धनुष्याच्या दोरीसारख्या वर येऊ नयेत म्हणून त्यांना हाडाशी धरून ठेवणाऱ्या गोल पट्ट्या असतात. त्यांना पुली म्हणतात. बोटात अशा पाच, ए१ ते ए५ (अंगठ्याची रचना थोडी वेगळी). ए१ बोटाच्या मुळाच्या सांध्यासमोर असते, लांबी साधारण एक सेंटिमीटर. दोरी हाडाशी धरून ठेवण्याचा खरा भार ए२ आणि ए४ वर असतो. ए१ उघडली तरी बोटाची ताकद जात नाही. हे लक्षात ठेवा, पुढचा सगळा उपचार यावरच उभा आहे.

आता पायजम्याची नाडी आठवा. नाडीला गाठ पडली की ती नेफ्याच्या तोंडाशी अडते, जोरानं ओढली की एकदम पलीकडं जाते. ट्रिगर फिंगरमध्ये नेफा, म्हणजे ए१ पट्टी, जाड होऊन आतली जागा कमी होते आणि घासून घासून कंडरेलाही तिथं फुगवटा येतो. बोट वाकवणारे स्नायू जोरकस असतात, ते हा फुगवटा पट्टीतून तळहाताकडं ओढून नेतात. बोट उघडणारे स्नायू तेवढ्या ताकदीचे नसतात, म्हणून परत येताना तो अडकतो. रात्रभर बोटं वाकलेली राहतात, थोडी सूजही साचते, म्हणून सकाळी त्रास जास्त. फ्रेंच डॉक्टर आल्फोन्स नोटा यांनी १८५० मध्ये या आजाराचं वर्णन केलं. त्या फुगवट्याला आजही नोटाची गाठ म्हणतात.

ताणाबाणा

मागावरच्या माणसाला हे लगेच कळेल. ताण्याच्या धाग्याला मोठी गाठ आली की ती फणीत अडकते, तसंच. मग घरच्या घरी ओळखायचं कसं? आणि हातात अडकणारं, वाकडं होणारं सगळंच ट्रिगर असतं का?

तळहात

नाही, म्हणूनच तपासणी हवी. पण अंदाज घरी येतो. तळहात वर करून मांडीवर ठेवा. हस्तरेषावाले जिला हृदयरेषा म्हणतात ती बोटांकडची आडवी रेष आणि तिच्या खालची मस्तकरेषा, दोन्ही इथं उपयोगी पडतात. अनामिका आणि करंगळीची ए१ हृदयरेषेपाशी सुरू होते, तर्जनीची मस्तकरेषेपाशी, मधल्या बोटाची दोन्ही रेषांच्या मधोमध. अंगठ्याची त्याच्या मुळाशी असलेल्या घडीवर. त्या जागी दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं दाबून धरा आणि बोट हळूहळू वाकवा-उघडा. दाबल्यावर दुखतं आणि बोटाबरोबर मुगाएवढी किंवा त्याहून मोठी गाठ सरकल्यासारखी लागते, तर ट्रिगर फिंगरची शक्यता बरीच. निदान हातानंच होतं, साध्या ट्रिगरसाठी एक्स-रेची सहसा गरज नसते.

पायऱ्या चार धरतात. पहिलीत फक्त दुखतं आणि अडकल्याचा इतिहास असतो. दुसरीत अडकतं, पण आपल्याच जोरावर उघडतं. तिसरीत दुसऱ्या हातानं उघडावं लागतं, किंवा बोट पूर्ण वाकतच नाही. चौथीत बोट वाकलेलंच राहतं, मधला सांधा आखडलेला असतो आणि ओढूनही सरळ होत नाही. सुईचा उपाय मुख्यतः दुसऱ्या-तिसऱ्या पायरीचा.

ट्रिगर नसलेल्या गोष्टी अशा. ड्युपुट्रेन नावाच्या आजारात तळहातात कातडीखाली ताठ दोरी किंवा गाठी येतात, बोट हळूहळू वाकत जातं, पण कट् होत नाही. हाताच्या मागच्या बाजूला, मुठीच्या उंचवट्यावरून कंडरा एका बाजूला घसरते तेव्हाही कट् होतं, पण ते मागच्या बाजूला. आणि एक गोष्ट तातडीची: बोट मुळापासून टोकापर्यंत सारखं सुजलेलं, अर्धवट वाकलेलं, तळव्याच्या बाजूनं लांबीभर दुखणारं आणि जरा सरळ केलं तरी ओरडायला लावणारं असेल, तर तो कंडरेच्या आवरणात झालेला पू असू शकतो. तिथं इंजेक्शन नाही, मालिश नाही, त्याच दिवशी रुग्णालय. सिव्हिलच्या अपघात विभागात रात्रीही जा.

विडीपत्ता

तळहात सर, मग हे कामामुळं होतं असं म्हणायचं का? बायका विचारतात, विडी सोडायची का?

तळहात

कामच कारण, असं ठामपणे सांगता येत नाही. साधारण ४० ते ६० वयात, बायकांत पुरुषांपेक्षा जास्त, आणि अनामिका व अंगठ्यात सर्वांत जास्त दिसतं. सर्वसाधारण लोकांत आयुष्यात कधीतरी होण्याची शक्यता २ ते ३ टक्के, मधुमेह्यांत ती १० टक्क्यांच्या आसपास जाते आणि त्यांच्यात एकाहून अधिक बोटं धरतात. थायरॉइड कमी असणं, आमवात, गाउट, मनगटातली नस दबणं यांच्याशीही याचा संबंध आहे. घट्ट, सतत पकड मात्र आधीच अरुंद झालेल्या पट्टीवर घासण वाढवते. म्हणून विडी सोडा असं नाही सांगणार, पकड सैल करा असं सांगेन. बोट पहिल्यांदा अडकलं आणि साखर कधी तपासलेलीच नसेल, तर आधी ती तपासा.

गोळीपुडी

औषधांबद्दल लिहितो. दुखण्याच्या गोळ्यांनी सूज आणि कळ थोडी उतरते, पण अडकणं सहसा त्यांनी जात नाही. मधुमेह आणि रक्तदाब असलेल्यांनी डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन या गोळ्या काउंटरवरून घेऊन आठवडेच्या आठवडे खाऊ नयेत, मूत्रपिंडावर ताण येतो. लावायचं डायक्लोफेनॅक जेल तळहातात, बोटाच्या मुळाशी लावा, मधल्या पेरावर नाही.

पहिला खरा उपाय म्हणजे स्टेरॉइडचं इंजेक्शन. बहुधा ट्रायमसिनोलोन वापरतात. ४० मिलिग्रॅम प्रति मिलीच्या कुपीतलं पाव ते अर्धा मिली, म्हणजे १० ते २० मिलिग्रॅम, आणि त्यात अर्धा मिली लिग्नोकेन, म्हणजे जागा बधिर करणारं औषध. सुई बारीक, २५ किंवा २६ गेजची. औषध कंडरेच्या आत जाता कामा नये. पिचकारी ढकलताना खूप जोर लागला तर टोक कंडरेत आहे, सुई किंचित मागं घेतली की औषध सहज जातं. गुण लगेच दिसत नाही, काही दिवस ते दोन-तीन आठवडे लागतात. पहिल्या एक-दोन दिवसांत दुखणं उलट वाढू शकतं.

अर्ध्याहून अधिक लोकांना एका इंजेक्शनात बरं वाटतं. मधुमेह्यांत हे प्रमाण कमी. त्यांची साखर पुढचे चार-पाच दिवस वाढलेली राहते, म्हणून इंजेक्शन देणाऱ्याला इन्सुलिनचा किंवा गोळ्यांचा डोस आधीच सांगा आणि ते दिवस ग्लुकोमीटरनं रोज साखर बघा. त्या जागची कातडी फिकी पडणं, खालची चरबी बसून खळगा होणं हे दोष कधी कधी दिसतात. एकाच बोटात दोन, फार तर तीन इंजेक्शनं. त्यापुढं गुण कमी होत जातो आणि कंडरा कमजोर होऊन तुटण्याची भीती असते, ती विरळा असली तरी.

फिजिओ_जुळे_सोलापूर

इंजेक्शनच्या आधी किंवा बरोबर स्प्लिंट, म्हणजे सांधा एका जागी धरून ठेवणारा आधार. उद्देश एकच: कंडरेनं ए१ मधून कमीत कमी ये-जा करावी. बोटाच्या मुळाचा सांधा ० ते १५ अंशांवर धरायचा, पुढचे दोन सांधे मोकळे ठेवायचे. साधारण सहा आठवडे. दिवसा काम सोडता येत नसेल तर निदान रात्री. संपूर्ण बोट फळीला बांधून ठेवणं ही सर्रास होणारी चूक, त्यानं मधला सांधाच आखडतो. आणि आपल्याकडचा एप्रिल-मे, ४० अंशांच्या वर पारा. प्लास्टिकखाली घाम साचून पुरळ उठतं, म्हणून आत सुती कापड घाला आणि दिवसातून दोनदा बदला.

सकाळी कोमट पाण्यात हात पाच-दहा मिनिटं बुडवून बोट हळूहळू हलवा. मधुमेह्यांना कधी कधी बोटांना चटका कळत नाही, त्यामुळं पाणी आधी दुसऱ्याला बघायला सांगा. अडकलेलं बोट झटक्यानं ओढू नका. झटक्यागणिक फुगवटा पट्टीत जोरानं घासतो आणि सूज वाढते.

ताणाबाणा

आता मुख्य गोष्ट. सुईनं कापतात म्हणजे काय कापतात, आणि न बघता कसं कापतात?

तळहात

आधी सांगतो, हे लिहितोय ते समजून घेण्यासाठी. हे ऑपरेशन हाताचा सराव असलेल्या सर्जननंच, निर्जंतुक जागी करायचं असतं. कंपाउंडरनं किंवा इंजेक्शन देणाऱ्यानं करायची ही गोष्ट नाही.

याला परक्युटेनियस रिलीज म्हणतात, कातडी न उघडता पट्टी मोकळी करणं. १९५८ मध्ये लॉर्थिओर यांनी बारीक पात्यानं ही पद्धत मांडली. पुढं इंजेक्शनच्या सुईनं करायला सुरुवात झाली. आज बहुधा १८ गेजची सुई वापरतात. तिची जाडी सव्वा मिलिमीटरच्या आसपास आणि टोकाची तिरकी धार हेच पातं. काही जण त्यासाठी बनवलेला आकडीदार चाकू वापरतात.

रुग्ण जागा असतो. हात टेबलावर, तळवा वर, बोटांच्या मुळाखाली गुंडाळलेला निर्जंतुक टॉवेल. त्यानं मुळाचा सांधा मागं ताणला जातो, कंडरा कातडीजवळ येते आणि दोन्ही बाजूंच्या नसा व रक्तवाहिन्या मागं-बाजूला सरकतात. सुरक्षिततेचं निम्मं काम या गुंडाळीनं होतं. मग जागा पेननं आखतात. बोटाच्या मुळाच्या घडीपासून मधल्या सांध्याच्या घडीपर्यंत जेवढं अंतर, तेवढंच अंतर मुळाच्या घडीपासून तळहाताकडं मोजलं की ए१ ची मागची कड सापडते. तर्जनी आणि करंगळीच्या कंडरा तळहातात तिरक्या जातात, आखणीही तशीच हवी. सरळ आखली तर धार बाजूच्या नसेकडं जाते.

भूल म्हणून लिग्नोकेन २ टक्के, एक-दोन मिली. मग सुई मध्यावर आत घालून रुग्णाला बोटाचं टोक हलवायला सांगतात. सुई डोलली तर टोक कंडरेत आहे. मग ती डोलणं थांबेपर्यंत किंचित मागं घ्यायची, म्हणजे टोक पट्टीत येतं. हीच खरी कसोटी. धार कंडरेच्या लांबीला समांतर वळवून पुढं-मागं छोट्या हालचाली करायच्या. पट्टीचे तंतू कापताना खरखर जाणवते, बारदानावर नख ओढल्यासारखी. खरखर संपली की पट्टी सुटली. लगेच रुग्णाला मूठ आवळून उघडायला सांगतात, चार-पाच वेळा. अडकणं गेलं तर काम झालं, नाही गेलं तर सुई थोडी पुढं नेऊन उरलेले तंतू. जागा असलेल्या रुग्णाचा हाच फायदा, पट्टी सुटली की नाही ते त्याचं बोटच दाखवतं.

सोनोग्राफीवर बघत केलं तर कंडरा, पट्टी आणि शेजारची रक्तवाहिनी दिसते, धार पट्टीतच आहे याची खात्री होते. यंत्र आणि सराव दोन्ही असेल तर मी तेच पसंत करेन.

अस्थी_२१

वरच्या पोस्टमध्ये काय बिघडतं ते राहिलं. सर्वांत जास्त होणारी गोष्ट म्हणजे अर्धवट सुटका. बहुधा पुढच्या टोकाचे तंतू राहतात आणि बोट पुन्हा अडकतं. दुसरी, कंडरेवर लांबीत ओरखडे. ते सहसा भरून येतात, पण धार आडवी फिरवली तर कंडराच कापली जाते. तिसरी, सुई फार पुढं नेली आणि ए२ कापली गेली तर दोरी धनुष्यासारखी वर येते, ते नीट करायला मोठं ऑपरेशन लागतं. चौथी, नस दुखावणं: बोटाची एक बाजू बधिर होते. जंतुसंसर्ग क्वचित, पण साखर वाढलेली असेल तर धोका जास्त. रुग्ण नीट निवडला तर दहांतली नऊहून अधिक बोटं मोकळी होतात, हे खरं. पण निवड महत्त्वाची.

अंगठ्याबाबत माझं मत वेगळं आहे. अंगठ्याच्या बाहेरच्या बाजूची नस ए१ च्या अगदी जवळून, कातडीच्या लगेच खाली तिरकी ओलांडते. न बघता सुई घालायला ही जागा वाईट. तर्जनीतही तसाच धोका थोडा. सोनोग्राफी नसेल तर अंगठा उघडून, डोळ्यानं नस बघूनच करावा.

तळहात

सराव असलेले सर्जन अंगठाही सुईनं करतात आणि चांगलं जमतं, पण सोनोग्राफी नसताना तुमचं म्हणणं मला मान्य. विडी वळताना अंगठ्याच्या संवेदनेवर सगळं चालतं. तिथला बधिरपणा त्या बाईच्या हजारीलाच, म्हणजे रोजीलाच लागेल.

अस्थी_२१

उघडं ऑपरेशन म्हणजेही काही फार मोठं नाही. एक ते दीड सेंटिमीटरची चीर. भुलीत १ टक्का लिग्नोकेनबरोबर एक लाखात एक प्रमाणाचं अ‍ॅड्रेनलिन मिसळतात, त्यामुळं रक्त कमी येतं आणि दंडाला पट्टा आवळावा लागत नाही. इंजेक्शननंतर २५-३० मिनिटं थांबायचं, ही घाई करू नये. टाके १० ते १४ दिवसांनी.

सुई कुणाला नको, ते स्पष्ट लिहितो: आमवाताचे रुग्ण (त्यांत ए१ कापली तर बोटं करंगळीकडं झुकायला मदत होते, तिथं सुजलेलं आवरण काढणं योग्य), चौथ्या पायरीचं आखडलेलं बोट, आधी सुईनं करून पुन्हा अडकलेलं बोट, जंतुसंसर्ग आणि लहान मुलं. आणि स्टेरॉइडचं इंजेक्शन नुकतंच झालं असेल तर सांगून टाका. त्यानंतर लगेच चीर दिली तर जंतुसंसर्ग वाढतो, बरेच सर्जन तीन महिने थांबणं पसंत करतात.

शेंगाचटणी

लहान मुलांचं विचारायचंच होतं. दोन वर्षांच्या मुलाचा अंगठा वाकलेलाच राहतो, त्यालाही हेच म्हणतात का?

अस्थी_२१

हो ताई, त्याला ट्रिगर थंब म्हणतात. बहुधा एक ते तीन वर्षांत लक्षात येतो. अंगठ्याचं टोक वाकलेलं आणि मुळाशी गाठ. दुखत नाही. बरीच मुलं वाट बघितल्यावर आपोआप बरी होतात, म्हणून घाई नसते. राहिलाच तर उघडं ऑपरेशन, पूर्ण भुलीत. ओढून सरळ करायचा प्रयत्न नको, आणि बालरोगतज्ज्ञाला एकदा दाखवाच.

फिजिओ_जुळे_सोलापूर

सुईनंतरचं माझं काम. प्लास्टर नाही, बोट बांधायचं नाही. छोटी पट्टी एक-दोन दिवस, ती कोरडी ठेवा. भूल उतरल्यावर त्याच संध्याकाळपासून हालचाल. बोटं सरळ, मग आकडा (मुळाचे सांधे सरळ, पुढचे वाकलेले), मग पूर्ण मूठ, मग छपरासारखं (फक्त मुळाचे सांधे वाकलेले), मग बोटांची टोकं तळव्याच्या मुळाला टेकवून सपाट मूठ. प्रत्येक दहा वेळा, दिवसातून तीन-चार वेळा. पहिले दोन दिवस बसताना-झोपताना हात उशीवर, हृदयाच्या वर.

मधला सांधा आधीच जरा आखडलेला असेल तर पट्टी सुटूनही तो लगेच सरळ होणार नाही, त्याला काही आठवडे ताणाचे व्यायाम आणि रात्रीचं स्प्लिंट लागतं. "ऑपरेशन फसलं" असं अनेकांना वाटतं ते इथंच. अडकणं आणि आखडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टोचलेल्या जागी दाबल्यावर दुखणं काही आठवडे राहतं. लाली पसरली, पू आला, ताप आला किंवा बोटाची बाजू बधिर राहिली, तर वाट न बघता परत दाखवा.

ताणाबाणा

कामावर कधी?

फिजिओ_जुळे_सोलापूर

जेवणं, लिहिणं, मोबाइल दुसऱ्या दिवसापासून. कणीक मळणं, भाकरी थापणं, कात्री चालवणं एक-दोन आठवड्यांनी, दुखणं बघून. कांडी भरणं, मागाच्या गाठी मारणं त्याच सुमारास, जड ओझं तीन-चार आठवड्यांनी. विडीची पानं कापायच्या कात्रीच्या कड्यांना जुन्या सुती चिंधीची दोन-तीन वेढ्यांची पट्टी गुंडाळा, पकड सैल राहते. कात्रीला धार लावून घ्या. बोथट कात्रीनं दर पानाला दुप्पट दाब लागतो. पानं नीट भिजलेली असतील तर कापायलाही आणि वळायलाही जोर कमी. दर अर्ध्या तासानं मिनिटभर बोटं पूर्ण उघडून ठेवा.

विडीपत्ता

गोळीपुडी, एक राहिलं. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर?

गोळीपुडी

सुईच्या पद्धतीत अ‍ॅस्पिरिन सहसा थांबवावं लागत नाही. वॉरफेरिन किंवा नव्या गोळ्या असतील तर स्वतःच्या मनानं बंद करू नका, गोळी लिहून देणाऱ्या डॉक्टरला आणि सर्जनला दोघांना विचारा. जाताना सगळ्या गोळ्यांच्या स्ट्रिप्स, तीन महिन्यांच्या आतला एचबीएवनसीचा (साखरेची सरासरी दाखवणाऱ्या तपासणीचा) रिपोर्ट आणि आधी कोणत्या बोटात कधी इंजेक्शन घेतलं त्याचा कागद सोबत न्या.